तीस कोऱ्या शेपट्या

बारक्याने आयुष्यात चार-साडेचार हजार माना मोडल्या होत्या आणि माणसावर एकदाही हात उचलला नव्हता. पहिलं काम नोकरीचं होतं. दुसऱ्याची संधी कधी मिळाली नाही, कारण घरात मारहाणीचं खातं जन्मापासून दादाकडे होतं आणि दादाने ते कुणाशी वाटून घेतलं नाही.

कॉलेजच्या औषधशास्त्र विभागाखाली तळघरात उंदीरघर होतं. तिथला बारक्या हा एकुलता एक कर्मचारी. वय सेहेचाळीस, पण नाव बारक्याच. पांढरे उंदीर वाढवायचे, खाऊ घालायचे, तोलायचे, वरच्या विभागातल्या प्राध्यापक मॅडम सांगतील ती सुई टोचायची आणि मॅडम सांगतील त्या दिवशी मारायचे. मारायचं यंत्र खिडकीखालच्या टेबलावर होतं: पोलादी चौकट, वरून उतरणारं पातं, बाजूला दांडा. एकदा एक नवा विद्यार्थी त्यावर झेरॉक्सचे कागद कापायला आला. बारक्याने त्याला कापू दिले. आधी पातं पुसून घेतलं, एवढंच.

वीस वर्षांत बारक्याने विज्ञानात स्वतःची अशी एकच भर घातली होती. उंदरांच्या नोंदवहीत वजन, पाणी आणि लघवी असे रकाने छापलेले होते. त्यांच्या शेजारी त्याने पट्टीने चौथा आखला होता: चावा. उंदराला मुठीत धरलं की तो वळून अंगठ्याला डसतो का, ते त्यात लिहायचं. धडधाकट उंदीर हाडापर्यंत दात रोवतो. आतून नासलेला उंदीर जुन्या पाकिटासारखा हातात पडून राहतो. मॅडम त्या रकान्याकडे बघत नसत. बारक्या मात्र बाकीच्या तिन्हींपेक्षा त्यावरच जास्त विसंबून असे.

दादा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा आणि दीडपट रुंद. शहराच्या कडेला त्याची तेलाची भट्टी होती. उभ्या टाकीत सुगंधी गवत ठासायचं, खालून वाफ सोडायची, ती वाफ गार पाण्यातल्या नळीतून न्यायची आणि शेवटी पाण्यावर तरंगणारं पिवळं तेल अलगद काढून घ्यायचं. इतका नाजूक धंदा दादा इतक्या शिव्या देत करायचा की भट्टीवरचे गडी म्हणत, निम्मं पाणी मालकाच्या तोंडानेच उकळतं. गडी टिकत नसत. वहिनी टिकल्या होत्या, कारण त्यांना राजीनामा कुणाकडे द्यायचा ते माहीत नव्हतं.

बारक्याला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. दादा उजवा होता.

मॅडमनी वनस्पतींच्या सुगंधी तेलांचा विषय घेतला तेव्हा बारक्यानेच दादाचं नाव सुचवलं. प्रयोग साधा होता. तीस उंदरांना रोज एक इंजेक्शन द्यायचं, ज्याने मूत्रपिंडं सुजतात आणि नासतात. त्यातल्या पंधरांच्या घशात आधी तेलाचे थेंब सोडायचे. दहा दिवसांनी तिसांनाही मारून, पोटं फाडून, तेलवाल्यांची मूत्रपिंडं वाचली का ते बघायचं. तेलवाल्यांच्या शेपटीवर मार्करने लाल रेघ, बाकीच्यांच्या निळी.

नियम असा होता की एक पिंजरा रिकामा करायचा, धुवायचा, मग दुसऱ्याला हात लावायचा. बारक्या दर शनिवारी सगळे उंदीर एका मोठ्या टबात ओतायचा आणि सगळे पिंजरे एकदम धुवायचा. शेपटीवर रेघ असताना काळजी कसली, असं त्याचं म्हणणं. वीस वर्षांत काही बिघडलं नव्हतं.

सातव्या दिवशी शनिवार होता. तिसाच्या तीस टबात होते आणि दादा तेलाचा नवा कॅन घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरला. उतरता उतरता दोनदा थांबला. कॅन टेबलाच्या कडेला ठेवून, झाकण उघडून, आपल्या मालाचा वास घेत उभा राहिला. त्याच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या. बांधता येतील एवढे पायच त्यात मावत नव्हते.

"दादा, पाय बघू."

"उंदरांचे बघ."

"वहिनी म्हणत होत्या, सकाळी तोंडसुद्धा सुजतं. किडनीचं काही असेल तर आत्ताच—"

पुढचं वाक्य तोंडातून निघालं नाही, कारण डाव्या कानावर दादाचा पंजा होता. बारक्या कपाटावर आदळला, कपाट टेबलावर, आणि टेबलावरचा कॅन टबाच्या काठावर. वाटीभर तेल तीस उंदरांवर सांडलं.

"बायकांच्या गप्पा मला सांगतो," दादा म्हणाला. त्याने कॅन उचलून सरळ ठेवला, आपला माल होता म्हणून, आणि दम खात पायऱ्या चढून गेला.

उंदीर एकमेकांना वासाने ओळखतात. आता तिसांनाही एकच वास येत होता, म्हणजे कुणालाच कुणाची ओळख राहिली नव्हती. टबात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणण्यासारखं होतं. कान फाटले. एकाचा ओठ दुसऱ्याच्या दातात राहिला. खालचे वर येण्यासाठी चावत होते, वरचे वरच राहण्यासाठी. बारक्याने दोन्ही हात आत घातले, एकेकाला मानगुटीने ओढून काढलं, साबणाच्या पाण्यात बुचकळलं, टॉवेलने पुसलं, पिंजऱ्यात टाकलं. तिसावा पुसून झाल्यावर त्याने टॉवेलकडे पाहिलं. टॉवेल जांभळा झाला होता.

मार्करची शाई पाण्याला, साबणाला, घामाला, लघवीला दाद देत नाही. दादाच्या तेलाला तिने लगेच दाद दिली होती. पिंजऱ्यांत तीस कोऱ्या शेपट्या हलत होत्या.

बारक्या बादली उलटी करून तिच्यावर बसला. मॅडमना परवानगी तीसच उंदरांची होती. दोन महिन्यांनी त्यांची बढतीची मुलाखत होती. आणि टबाबद्दल सांगायचं म्हणजे वीस वर्षांचे सगळे शनिवार सांगणं आलं. कानात वाजत होतं. अशा वेळी माणूस आपल्याला जे येतं तेच करतो. बारक्याने हातमोजा काढला आणि प्रत्येकापुढे अंगठा धरला. जो चावेल तो तेलवाला. तेलाने ताकद येते, हे तर मॅडमच म्हणत होत्या.

अकरा जण कडकडून चावले. चौघांनी नुसते दात लावून पाहिले. त्यांना पंधराचा आकडा भरायला घेतलं. उरलेले पंधरा हातात पाकिटासारखे पडून राहिले. बारक्याने रक्ताळलेल्या अंगठ्याने लाल आणि निळ्या रेघा ओढल्या. जखमांबद्दल नोंदवहीत लिहिलं, "आपसांत भांडले." हे खरं होतं.

दहाव्या दिवशी दुपारी त्याने एक तास चाळीस मिनिटांत तिसांना उरकलं. दांडा खाली, डोकं ट्रेमध्ये, धड मॅडमच्या हातात. पाय दोन-तीन झटके देत, मग विचार बदलत. नाली गुलाबी झाली. मॅडम पोटं उघडत गेल्या. निळ्या रेघवाल्यांची मूत्रपिंडं फिकट, फुगलेली, पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी. लाल रेघवाल्यांची गडद, घट्ट, तुकतुकीत.

"एवढा स्पष्ट फरक मी आयुष्यात पाहिला नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

बारक्या पातं धूत होता. त्याच्या मनात तेव्हाही काही आलं नाही. आलं असलं तर त्याने ते नळाखाली धरलं.

शोधनिबंध छापून आला. वर्तमानपत्रात बातमी आली: सुगंधी तेलाने मूत्रपिंड वाचतं. सोबत मॅडमचा फोटो होता, त्यात एका बाजूला बारक्याचं कोपर. आणि त्याच आठवड्यात दादाच्या तपासणीचे कागद आले. डॉक्टर म्हणाला, दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेली आहेत, आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवावं लागेल, लगेच. दादाने डॉक्टरच्या टेबलावरची काच मुठीने फोडली, घरी आला आणि बातमी कापून, प्लॅस्टिकमध्ये घालून भट्टीच्या टाकीवर टांगली. तिच्याखाली उभा राहून तो रोज तीन चमचे तेल पिऊ लागला, निखळ, आपल्याच नळीतून काढलेलं. घसा सोलवटला. तो म्हणाला, लागू पडतंय.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, वहिनी तळघरात आल्या. उंदीरघरात त्या पहिल्यांदाच येत होत्या. उजव्या मनगटाला पट्टी होती. त्यांनी पदराने नाक झाकलं नाही की इकडेतिकडे पाहिलं नाही.

"भावोजी, ते पेपरातलं खरं आहे ना?"

"मनगटाला काय झालं?"

"हे गेल्या आठवड्यातलं. मी चमचा लपवला होता." त्या बादलीवर बसल्या. "त्याचं काही नाही. चमचा मी परवा पुन्हा लपवला. मारायला उठले, हात वर नेला आणि तसाच खाली आणला. खुर्चीत बसले. भावोजी, चार दिवस झाले, त्यांनी कुणाला मारलं नाही. काल गड्याने अख्खी खेप करपवली, त्याला म्हणाले, असू दे."

बारक्याच्या हातात उंदीर होता. त्याने तो सावकाश पिंजऱ्यात ठेवला.

"असू दे म्हणाला?"

"असू दे. उचक्या थांबत नाहीत. आडवं झोपता येत नाही. दिवसभरात लघवी घोटभर. डॉक्टर म्हणतो, पाच-सहा दिवस, फार तर. मी म्हटलं चला, तर पेपराकडे बोट दाखवतात. म्हणतात, माझ्या भावानेच सिद्ध केलंय." वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. "बावन्न वर्षांत पहिल्यांदा तुमचं काही मानतायत. म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं."

बारक्या दोन जिने चढून मॅडमच्या खोलीत गेला. वहिनी मागोमाग. उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं: टब, थप्पड, तेल, टॉवेल, अंगठा. मॅडमनी उठून दार लावलं, शेल्फवरून जाड पुठ्ठ्याचा एक प्रबंध काढला आणि बारक्याच्या डोक्यात घातला. मग आणखी एकदा. चष्मा नीट केला.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"तिसांना होतं."

"म्हणजे तुम्ही धडधाकट तेवढे वेचून एका बाजूला ठेवलेत, आणि मी जगाला सांगितलं की त्या बाजूचे धडधाकट आहेत."

"हो. तुमचं चुकलं काहीच नाही, मॅडम."

तिसरा फटका कानावर बसला, डाव्याच. मग मॅडम खुर्चीत बसल्या आणि त्यांनी हातातला प्रबंध उलटसुलट करून पाहिला. तो त्यांचाच होता.

"मी सांगितलं तर तुमचा भाऊ ऐकेल?"

"तुमचा फोटो टांगलाय त्याने."

मॅडमनी पर्स उचलली.

भट्टी पेटलेली होती. शेडमध्ये गवताचा वास इतका दाट की डोळे चुरचुरत. दादा टाकीजवळ खुर्चीत होता. चेहरा मातकट, पापण्या फुगलेल्या, दर दहा सेकंदांनी उचकी. मांडीवर गवत ओढायचा लोखंडी आकडा. मॅडमनी त्याच्यासमोर उभं राहून शांतपणे सांगितलं की प्रयोग चुकला, बातमी खोटी ठरली, हे तेल पिऊ नका, आत्ता दवाखान्यात चला.

दादाने फोटोकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"किती दिले तुम्हाला डॉक्टरने?"

"कुणी काही दिलं नाही. चूक झाली."

"फोटोतली बाई जास्त शहाणी होती," दादा म्हणाला आणि नळीखालचा चमचा भरला.

बारक्याने चमचा हिसकावला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने दादाच्या हातातून काही हिसकावलं होतं, आणि दोघांनाही ते पटायला एक क्षण लागला. मग दादा उठला. आकड्याचा पहिला फटका बारक्याच्या दंडावर आला. टोक कातडीत घुसलं आणि कोपरापर्यंत फाडत गेलं. दुसरा मॅडमच्या पर्सवर बसला. आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. तिसरा टाकीच्या पोटावर. शिवण उसवली आणि वाफेचा फवारा शेडभर फुत्कारला. वहिनींनी धावत जाऊन वाफेची चावी बंद केली. हात भाजला तरी बंद केली.

"दादा, खाली ठेव."

"ये ना. ये बारक्या."

बारक्या गेला. मारायचं कसं ते त्याला माहीत नव्हतं, पण धरायचं कसं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. गवतावरची ताडपत्री त्याने ओढली आणि दादाच्या डोक्यावरून टाकली. अंधार झाला की जनावर क्षणभर थिजतं. तेवढ्या क्षणात त्याने दादाचे पाय खालून ओढले, दादा पाठीवर आदळला, आणि बारक्याने ताडपत्रीची कडा अंगाखाली सरकवून त्याला गुंडाळायला सुरुवात केली. आतून लाथा बसत होत्या. एक बरगडीवर बसली, काहीतरी मोडलं. त्याने गुडघा दादाच्या कमरेवर रोवला आणि थप्पड मारली, ताडपत्रीवरून, मग दुसरी, तिसरी. हाताखाली नाक लागलं, रक्त झिरपलं. चौथीला त्याच्या लक्षात आलं की मारणं सोपं असतं, आणि तो थांबला.

"छातीवर दाब देऊ नका," मॅडम म्हणाल्या. "श्वास कोंडेल. मानगूट धरा, दोन बोटं जबड्याखाली."

"धरलीत."

"मी पाय धरते."

एरवी दादाने तिघांना भिंतीवर फेकलं असतं. आता ताडपत्रीत निम्माच दादा उरला होता. तो निम्मा मात्र भट्टीच्या छोट्या ट्रकच्या फळीपर्यंत चावत गेला: आधी ताडपत्रीला, मग तिच्यातून बारक्याच्या अंगठ्याला. बारक्याने अंगठा काढून घेतला नाही. दात आत जात होते तोवर त्याला धीर होता. ट्रक वहिनींनी चालवला. मागे बारक्या दादावर बसून होता, रक्त कुणाचं कोणतं ते कळत नव्हतं. अर्ध्या वाटेवर दात सैल पडले.

"वहिनी, जोरात घ्या," तो म्हणाला.

दवाखान्यात दादाच्या मानेत नळी घातली आणि मशीन लावलं. डॉक्टर म्हणाला, आणखी एक दिवस उशिरा आणला असता तर दाखल करायची सहीसुद्धा घेतली नसती. बारक्याच्या दंडाला चौदा टाके पडले. मॅडमनी तिथल्याच बाकावर बसून, पर्समध्ये फुटलेल्या चष्म्यातून, निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. कारणात "प्राण्यांच्या खुणा पुसल्या गेल्या" एवढंच होतं. टबाचं नाव नव्हतं. पण पुढच्या शनिवारी तळघरातला टब गेलेला होता आणि बारक्याला लेखी ताकीद आली होती.

तिसऱ्या खेपेला दादा शुद्धीवर, बसता झाला. चार तास मशीनला बांधलेला. वहिनी बाजूला वहीत लिहीत होत्या: वजन, पाणी, लघवी. बारक्या स्टुलावर बसला आणि त्याने त्या शनिवारचं सगळं सांगितलं. दादाने मध्येच थांबवलं.

"म्हणजे कॅन माझ्या थपडेने सांडला?"

"हो."

"आणि त्याने शाई गेली."

"हो."

"आणि म्हणून मी तीन आठवडे ते पीत बसलो."

"हो दादा."

दादा नळीतून फिरणाऱ्या आपल्या रक्ताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जवळ ये."

वहिनींनी मान वर केली. बारक्या स्टूल ओढून पुढे सरकला आणि उजव्या बाजूला, हात पोचेल असा बसला. दादाने हात उचलला. खांद्याच्या वर जाईपर्यंत त्याला दम लागला, पण तो वर गेला आणि खाली आला. थप्पड डाव्या कानावर बसली. माशी हाकलावी तेवढी.

"लागलं का, भावोजी?" वहिनींनी विचारलं.

"नाही अजून."

त्याने त्यांच्या हातातून वही घेतली, पट्टी नव्हती म्हणून औषधाच्या खोक्याची कडा लावून चौथा रकाना आखला आणि त्यात लिहिलं: बेताचा. मंगळवारी लिहिलं: बरा. गुरुवारी पायांची सूज उतरली होती, दादाने मशीन लावण्याआधीच त्याला बोलावून घेतलं, आणि बारक्या स्टुलासकट भिंतीला जाऊन टेकला. नर्स ओरडत धावून आली. बारक्याने तिला हाताने थांबवलं, जमिनीवर बसल्या बसल्या वही मागितली, आणि कानातली घंटा थांबायची वाट न बघता लिहिलं: चांगला.